नुसत्या रसाची पावडर होत नाही
फळांच्या पावडरीवरच्या एका लेखात म्हटलंय, फळाचा रस गरम हवेत फवारला की पावडर तयार. एवढं सोपं असतं तर मग काय पाहिजे होतं! कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला स्प्रे ड्रायरवर, म्हणजे रस गरम हवेत फवारून वाळवणाऱ्या यंत्रावर काम केलंय. पहिल्यांदा नुसता उसाचा रस सोडला. पावडर दूरच, चेंबर आतून काकवीसारखा चिकट. दोन दिवस गरम पाण्यानं धुवत बसलो. रसातली साखर उष्णतेनं मऊ पडून भिंतीला धरते, म्हणून रसात माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर, ती चिकटपणा कमी करते) घालावं लागतं. हवा आत जाताना १६०-१८० अंश, बाहेर पडताना ८०-९०. पाणी उडत असतं तोवर थेंब फारसा तापत नाही, म्हणून रस जळत नाही. आणि हो, गुऱ्हाळावरची गूळ पावडर यातली नव्हे राव, ती काहिलीतला पाक घोटूनच होते.