पिक्चर कसाय बे?

सोलापुरात माणूस पिक्चर बघून आला, हे लपत नाही. नव्या पेठेत गाडी स्टँडवर लावेपर्यंत कुणीतरी खांद्यावर हात टाकतं आणि विचारतं, "पिक्चर कसाय बे?" कुठला बघितला, कुठल्या शोला बघितला, बरोबर कोण होतं, ही माहिती त्याच्यापर्यंत आधीच पोचलेली असते. मत तेवढं काढून घ्यायचं राहिलेलं असतं.

मला पिक्चर बघायला आवडतं आणि बघितल्यावर त्यावर बोलायला त्याहून जास्त आवडतं. म्हणजे खरं तर या प्रश्नानं मला आनंद व्हायला हवा. पण विचारणाऱ्याला मत नको असतं, हमी पाहिजे असते. चौघांची तिकिटं, पार्किंग, मध्यंतरातलं खाणं आणि सासूबाईंना घरी एकटं ठेवल्याबद्दल पुढं आठवडाभर ऐकायचे टोमणे, एवढं सगळं वसूल होईल का, हे त्याला जाणून घ्यायचं असतं. मी आपला सुरू करतो, "पूर्वार्ध जरा पसरट आहे, पण छायाचित्रण बघितलंस तर..." छायाचित्रणापाशी येईपर्यंत तो चहा सांगायला वळलेला असतो. "ते राहू दे बे. जाऊ का नको, तेवढं सांग."

त्यात पुन्हा आमच्या हवामानाचा हिशेब. एप्रिल-मेमध्ये पारा 43-44 अंशांवर गेला की दुपारच्या शोला जी गर्दी होते, ती काही कथेच्या ओढीनं होत नाही. त्या दिवसांत समीक्षेचा पहिला मुद्दा "एसी चालू होता का?" हाच असतो. माझ्या एका मित्रानं एका नावाजलेल्या पिक्चरला "एकदम बोगस" म्हणून निकालात काढलं, कारण मध्यंतरानंतर एसी बंद पडला होता. आणि एक अत्यंत टाकाऊ पिक्चर त्यानं मे महिन्यात पुन्हा पुन्हा बघितला. "लई थंड पिक्चर आहे," असं तो सगळ्यांना सांगत होता. त्याच्या शब्दावर भरवसा ठेवून बरीच माणसं गेली आणि खूश होऊन आली.

आणि पाणी! आमच्या भागात पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि ते नेमकं कधी सुटेल याचा अंदाज बांधणाऱ्याचं अजून तरी भलं झालेलं नाही. पिक्चर रंगात आलेला असतो, नायक खलनायकाच्या अड्ड्यात शिरलेला असतो आणि कुणाच्या तरी घरून फोन येतो, "पाणी आलंय!" पुढच्या मिनिटाला आमच्या गल्लीची अख्खी रांग उठून बाहेर. त्यामुळं माझ्या बऱ्याच शेजाऱ्यांची मतं फक्त पूर्वार्धाची असतात. हल्लीच्या पिक्चरांना शेवटच नसतो, अशी त्यांची तक्रार आहे. खलनायक हटकून सुटतो, असाही त्यांचा समज आहे.

वर्षात थोडी उसंत मिळते ती संक्रांतीच्या सुमाराला. तेव्हा सिद्धेश्वराच्या यात्रेत गाव नंदीध्वजांच्या मागं असतं नाही तर होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेत. मौत का कुआँ कसा होता, हे कुणी कुणाला विचारत नाही. जायचंच असतं.

बाकीचे दिवस मात्र बोलताना फार जपावं लागतं, कारण आमच्याकडं एकाच पिक्चरवर निदान तीन भाषांतून राग येऊ शकतो. पूर्व भागात तेलुगू, आमच्या वरच्या मजल्यावर कन्नड, आणि खाली आम्ही. 2024 च्या डिसेंबरात 'पुष्पा 2' लागला तेव्हा मी तो हिंदीत बघितला. आमच्या ओळखीच्या एका अण्णांचा टॉवेलचा कारखाना आहे, त्यांनी तेलुगूत बघितला. मी जरा मराठी अभिमानानं त्यांना सांगितलं की हिंदीत अल्लू अर्जुनचा आवाज आपल्या श्रेयस तळपदेचा आहे. अण्णांनी गंभीरपणे विचार केला.

"म्हणजे माणूस आमचा, आवाज तुमचा."

"हौ."

"मग चंदन कुणाचं?"

"ते सरकारचं."

इथवर सगळं सलोख्यात चाललं होतं. मग मी म्हणालो की पिक्चर लांबलाय, 3 तास 20 मिनिटं म्हणजे जरा जास्तच होतं. अण्णांनी चालू मागांकडं हात केला. "इथं एकेक पाळी उभ्यानं काढतात माणसं. तू बसून होतास ना बे?" यावर समीक्षेला काही उत्तर नाही.

वरच्या अक्कांचं तत्त्व त्याहून कडक. 'कांतारा' आपण हिंदीत बघितला, हे मी 2022 साली त्यांना भाबडेपणानं सांगितलं, तेव्हापासून त्या माझ्याकडं अर्धपोटी उठलेल्या माणसाकडं बघावं तशा बघतात. "हिंदीत बघितलास म्हणजे बघितलाच नाहीस. अरे, देव अंगात आल्यावर हिंदीत बोलतो होय?" मी म्हणालो, आमच्याकडं अंगात आलेला देव मराठीत बोलतो. "तो तुमचा. हा आमचा," म्हणून त्यांनी शेंगा चटणीची वाटी माझ्या हातात दिली आणि दार लावून घेतलं. चटणी मिळाली म्हणजे नातं शाबूत आहे, एवढं मला कळलं.

पण खरा कस लागला तो 'सैराट'च्या वेळी. 29 एप्रिल 2016 ला तो लागला आणि त्या उन्हाळ्यात जिल्ह्याला दुसरा विषयच उरला नाही. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची, बरंचसं शूटिंग करमाळ्याच्या बाजूचं. शंभर कोटींचा गल्ला ओलांडणारा तो पहिला मराठी पिक्चर, हे सगळ्या महाराष्ट्राला नंतर कळलं. आमच्याकडं ते पहिल्या शोलाच गृहीत धरलं होतं. ज्याला त्याला त्यात आपलं काहीतरी दिसत होतं. माझ्या ऑफिसातला एकजण पडद्यावर ऊस आला की "मेहुण्याचा फड" म्हणून बोट दाखवायचा. दुसऱ्याला बुलेट ओळखीची वाटली. तिसऱ्यानं तर गर्दीतली एक पाठ ओळखली होती. ती पाठ त्याच्या आत्तेभावाची आहे यावर तो इतका ठाम होता की पुढं आत्तेभावानंही ते मान्य केलं. करमाळा सोलापुरापासून शंभराहून जास्त किलोमीटर लांब. त्या उन्हाळ्यात ते बाळीवेशीच्या मागच्या गल्लीत येऊन राहिलं होतं.

अशा वातावरणात मी म्हणालो की मला उत्तरार्ध जास्त आवडला.

ऑफिसात शांतता पसरली. उत्तरार्धात दोघं पळून हैदराबादला जातात. म्हणजे याला पिक्चर जिल्ह्याबाहेर गेल्यावर आवडायला लागला, असा सरळ अर्थ काढण्यात आला. "मग तुला अजय-अतुलची गाणी आवडली नाहीत?" आवडली की. "ऑर्केस्ट्रा हॉलिवूडमध्ये जाऊन रेकॉर्ड केलाय बे! वाजवणारे हॉलिवूडचे, नाचणारे करमाळ्याचे, आणि तुला हैदराबाद आवडतंय?" मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. पळून जाणं सगळ्याच पिक्चरांत असतं. पळून गेल्यावर खोली कुठली, आंघोळीचं काय, नोकरी कुठं, पहिलं भांडण कशावरून, हे कोण दाखवतं? तिथं पोरांचा खेळ संपतो आणि पिक्चर वयात येतो. माझं आजही हेच म्हणणं आहे. पण तोवर चर्चा शेवटाकडं वळली होती. एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं अजून न बघितलेल्यांना सांगितलं, "शेवट मी सांगणार नाही. फक्त रुमाल घेऊन जा." त्यावर कोपऱ्यातून आवाज आला, "रुमाल कशाला? सोलापुरात राहतोय आपण. टॉवेल घेऊन जा की."

घरी वेगळी तऱ्हा. आमचे तात्या प्रत्येक नवा पिक्चर एकाच जुन्या पिक्चराशी लावून बघतात. तो म्हणजे व्ही. शांताराम यांचा 1946 सालचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'. कारण उघड आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, जन्म 1910 चा, आणि भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकावरून आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तात्यांनी फिरवून आणलेलं आहे. 'पुष्पा' मी त्यांना घरी मोबाईलवर लावून दिला. तासाभरानं त्यांनी चष्मा काढला.

"किती झालं?"

"अजून बराच आहे, तात्या."

"शांतारामबापूंनी दोन-सव्वादोन तासांत माणूस सोलापुरातून चीनला नेला. युद्धात रुग्ण तपासले, तिकडं लग्न लावलं, पोरगं झालं, आणि माणूस गेलासुद्धा. तुझा अजून लाकडंच तोडतोय."

शशिकलाबाई सोलापूरच्या, हा त्यांचा दुसरा हुकमी मुद्दा. टीव्हीवर जुन्या पिक्चरात त्या कुणाचा तरी संसार मोडायला निघाल्या की तात्यांची छाती फुगते. "आपल्या गावची आहे," म्हणतात. मोडणाऱ्या संसाराबद्दल त्यांना काही वाटलेलं मी बघितलेलं नाही.

'बाईपण भारी देवा'बद्दल मी काहीच लिहिणार नाही. 2023 च्या पावसाळ्यात बायकोच्या भिशीचा सगळा जथा नटूनथटून तो बघायला गेला होता. पुरुषांनी गाडी काढायची, मत नाही, असं ठरलं होतं. मी गाडी काढली.

इतक्या सगळ्या माणसांत पिक्चर नीट समजून घेतला असेल तर तो माझ्या मावसभावानं, आणि तोही न बघता. तो एका वकिलांकडं कारकून आहे. दिवस सगळा कोर्टाच्या आवारात जातो. मी चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' पुन्हा बघितला होता आणि त्या नादात होतो. 2015 मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, तो ऑस्करला भारतातर्फे गेला, लोकशाहिरावरच्या खटल्याची गोष्ट आहे, वगैरे मी सांगत सुटलो. त्यानं मोजकेच प्रश्न विचारले.

"निकाल काय लागला?"

"निकाल नाही लागत."

"मग शेवटी काय होतं?"

"कोर्टाला सुट्टी लागते. न्यायाधीश सहलीला जातात आणि बाकावर झोपतात."

"पुढची तारीख?"

"दाखवलेली नाही."

"बरोबर आहे," तो म्हणाला. "अभ्यास करून काढलाय."

या पिक्चरावर मी बरंच वाचलंय, पण याच्या पुढं कुणी गेल्याचं आठवत नाही.

राहता राहिले साडू. त्यांनी माझं मत पहिल्यांदा मनापासून मानलं, सहकुटुंब जाऊन आले, आणि रात्री माझ्या फोनवर पैशांची मागणी आली. तिकिटं, पॉपकॉर्न, पार्किंग, सगळं पैशासकट मांडलेलं. शेऱ्याच्या जागी लिहिलं होतं, "तुमच्या मतापोटी." मी ते चेष्टेवारी नेलं. चार दिवसांनी आठवणीचा निरोप आला, तेव्हा चेष्टा नाही हे कळलं.

त्यानंतर साडूंनी स्वतःची पद्धत बसवली. "पाव्हणं, तो नवीन लागलाय तो आवडला का तुम्हाला?" आवडला म्हटलं की म्हणायचे, "मग राहू दे." नाही आवडला म्हटलं की, "वा! रविवारची काढतो मग." हे इतकं बिनचूक चालायला लागलं की मेहुण्यांनी आणि चुलतसासऱ्यांनीही हाच रस्ता धरला. माझ्या नावडीवर अख्खं सासर सुखानं पिक्चर बघत होतं.

हे सगळं ठीक होतं, पण मध्यंतरी एक छोटा मराठी पिक्चर आला. मारामारी नाही, गाणं नाही, म्हातारा बाप आणि मुलगा, आणि त्यांच्यात न बोललेल्या गोष्टी. मला तो इतका आवडला की साडूंनी बघावाच असं वाटलं, कारण ते आणि त्यांचे वडील गेली कित्येक वर्षं एकमेकांशी फक्त पाण्याच्या मोटारीच्या बटणाबद्दल बोलतात. आवडला म्हणालो असतो तर ते गेले नसते. म्हणून मी तोंड वाकडं केलं. "छे, काही दम नाही. संथ आहे. पडद्यावर नुसते बसून असतात. अजिबात जाऊ नका."

साडूंनी लगेच तिकिटं काढली. वडिलांनासुद्धा घेऊन गेले. रात्री साडेनऊला फोन आला.

"पाव्हणं, मानलं तुम्हाला."

माझा जीव भांड्यात पडला. "आवडला ना?"

"छे! तुम्ही म्हणाला तेच. काही दम नाही. संथ. नुसते बसून असतात. पहिल्यांदा तुमचं एखादं मत पटलं बघा. आता इथून पुढं तुम्ही म्हणाल तसं. वडील तर म्हणतायत, याला घरी बोलवा, माणसाला पिक्चरातलं कळतं."

पार्किंगचे पैसेही त्यांनी मागितले नाहीत. रविवारी जेवायला बोलावलंय, सविस्तर चर्चेसाठी. पिक्चरातल्या उणिवा मुद्देसूद लिहून आणा, म्हणालेत.