जन्मठेप 14 वर्षांची नसते, 7 ची तर नाहीच

खुनाच्या एखाद्या गाजलेल्या खटल्याचा निकाल लागला की व्हॉट्सॲपवर हमखास फिरतं: ‘जन्मठेप म्हणजे 14 वर्षं. तुरुंगात दिवस आणि रात्र वेगळे मोजतात, त्यामुळे सातव्या वर्षी माणूस घरी.’

दिवस-रात्रीचं आधी संपवू. असा नियम कोणत्याही कायद्यात नाही.

‘शिक्षाच 14 वर्षांची.’ नाही, उरलेलं आयुष्य. गांधीहत्येच्या कटात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांनी ती 20 वर्षांची धरून, माफीचे (चांगल्या वर्तणुकीबद्दल शिक्षेतून कमी होणारे) दिवस जोडून सुटका मागितली होती. सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये ती नाकारली. भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 6 मध्ये 20 वर्षांचा उल्लेख आहे, पण तो जिथे कायदा मूळ शिक्षेचा निम्मा-पाव हिस्सा द्यायला सांगतो, तिथे तो हिस्सा काढण्यापुरता.

मग 14 आले कुठून? 1978 साली फौजदारी प्रक्रिया संहितेत घातलेल्या कलम 433-अ मधून. आता ते तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 475. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्याला सरकार 14 वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सोडू शकत नाही. त्यानंतर सोडलंच पाहिजे, असं मात्र त्यात कुठेही नाही. ‘प्रत्यक्ष’ या शब्दावर सगळं अडतं. समजा, कच्चा कैदी म्हणून, म्हणजे निकालाआधी तुरुंगात, 3 वर्षं गेली, शिक्षेनंतर 11. बेरीज 14. पण त्यातले 8 महिने पॅरोलवर गेले असतील तर ते वजा. गोव्यातल्या कैद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये हेच सांगितलं. चांगल्या वर्तणुकीची 3 वर्षांची माफी जमा असली तरी या हिशेबात तिचा उपयोग शून्य. म्हणजे अजून 8 महिने आतच.

‘मग आपोआप सुटका.’ नाही. धोरणात बसणाऱ्या कैद्याचा विचार सरकारने अर्जाशिवायही करायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये सांगितलं; पण विचार म्हणजे सुटका नव्हे. शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत मागवलं जातं, गुन्ह्याचा वर्ग पाहिला जातो. महाराष्ट्राच्या 2010 च्या धोरणात काही वर्गांना माफी धरूनही 24-26 वर्षं लागतात. निर्णय घेतं ते खटला जिथे चालला त्या राज्याचं सरकार. 2002 च्या गुजरात दंगलीतल्या बिल्किस बानो सामूहिक बलात्कार प्रकरणात खटला मुंबईत चालला होता, म्हणून गुजरात सरकारने दोषींना दिलेली सूट सर्वोच्च न्यायालयाने 8 जानेवारी 2024 रोजी रद्द केली.

एक अपवाद खरा आहे: राष्ट्रपती आणि राज्यपालांच्या शिक्षा माफ करण्याच्या अधिकाराला ही 14 वर्षांची अट लागू नाही. उलट बाजूने, उच्च आणि सर्वोच्च न्यायालय फाशीऐवजी जन्मठेप देताना ‘25 किंवा 30 वर्षं सूट नाही’ असं बजावू शकतात. सत्र न्यायालयाला तो अधिकार नाही.