खान्देशी कॅडेटास सत्रपरीक्षेनिमित्त चार हिताच्या गोष्टी

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तुमची निवड झाली, तेव्हा गावच्या चौकात तुमचा फ्लेक्स लागला, गुलाल उधळला गेला आणि सत्काराच्या भाषणात तुम्हाला थेट सीमेवर नेऊन उभे करण्यात आले. त्या फ्लेक्सवर तुमच्या मागे रणगाडा होता, डोक्यावर लढाऊ विमान होते, कोपऱ्यात युद्धनौकाही होती. पुस्तक मात्र कुठेच नव्हते. तेव्हा मे महिन्यात तुम्ही घरी फोन करून "सोमवारपासून पेपर आहेत" असे सांगितल्यावर पलीकडून "तठे बी पेपर ऱ्हातस का रे भाऊ?" असा प्रश्न आला, तर रागावू नये. तीन वर्षांची सहा सत्रे पार पडल्यावर हाती येणारी पदवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची असते, आणि ती नुसत्या कवायतीवर मिळत नाही, हे आबांना पटवण्याच्या भरीस तर मुळीच पडू नये. मामांनी आधीच, प्रबोधिनीच्या 'सुदान ब्लॉक' या मुख्य इमारतीसमोरचा तुमचा फोटो पाहून, पोराला सुदानला पाठवले अशी बातमी गावभर केलेली असते. ती इमारत सुदान सरकारने दिलेल्या देणगीतल्या भारताच्या वाट्याच्या 70 हजार पौंडांतून उभी राहिली आणि 1959 साली तिचे उद्घाटन झाले, हा खुलासा करायला गेलात, तर "म्हणजे सुदानशी संबंध आहेच ना" एवढेच ऐकावे लागेल.

अभ्यास कसा करावा, असे प्रत्येक नवा कॅडेट विचारतो, आणि तिथेच तो फसतो. विचारायला हवे ते, जागे कसे राहावे. पहाटे अंधारात उठून पी.टी. किंवा ड्रिल, तिथून धावत न्याहारी, मग सायकलींच्या रांगेतून वर्गाकडे, दुपारनंतर मैदान, आणि संध्याकाळी सीनिअरांना ज्या कारणाने तुमची आठवण होईल ते कारण. एवढे उरकून अंग बाकाला टेकले की, विषय कोणताही असो, पापणी आपोआप उतरते. आमच्या गल्लीतल्या एका कॅडेटाने सुट्टीत आणलेली वही मी पाहिली आहे. पहिल्या तीन ओळी मोत्यासारख्या. चौथी निम्म्यावर वाकते, पाचवीतली अक्षरे एकमेकांची साथ सोडतात, आणि तिथून पेनाची एकच बारीक रेघ, तापीने वळणे घेत जावे तशी, पानाच्या खालच्या टोकापर्यंत जाऊन थांबलेली. हे काय, असे विचारल्यावर तो क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, "काका, तो आलेख आहे." अधिकाऱ्याला लागणारी हजरजबाबी म्हणतात ती हीच, ती शिकवण्यासाठी वेगळा तास ठेवण्याची गरज नाही.

अंथरुण हे तपासणीसाठी असते, झोपण्यासाठी नव्हे, हे ध्यानात ठेवावे. चादरीच्या कडा एकदा धारदार बसल्या की परीक्षा संपेपर्यंत त्या मोडण्याचा मूर्खपणा करू नये. जमीन भक्कम असते आणि तिला घडी घालावी लागत नाही. दिवे मालवल्यावर ब्लँकेटखाली टॉर्च घेऊन वाचायची वेळ आली, तर उकाड्याने हैराण झालेल्या डोंगराळ मुलखातल्या सोबत्यांकडे करुणेने पाहावे. ज्याने भुसावळचा 45 अंशांचा उन्हाळा पत्र्याच्या खोलीत काढला आहे, त्याला ब्लँकेट म्हणजे पावसाळी झुळूकच. आईने धाडलेली शेव, केळीचे वेफर्स आणि शेंगदाण्याची चटणी मात्र पेपरच्या आदल्या रात्रीसाठी राखून ठेवू नये. डबा उघडल्याचा आवाज बिगुलापेक्षा लांब जातो, आणि तुमच्या वाट्याला तळाचा चुरा येतो.

नापास होण्यात काही मोठेसे नाही. फक्त सहा महिने मागे राहावे लागते. बरोबरचे सोबती तुमच्याआधी 'अंतिम पग', म्हणजे दीक्षान्त संचलनातली शेवटची पायरी, ओलांडून निघून जातात, आणि कालपर्यंत तुम्हाला पाहून ताठ होणारी पोरे तुमच्याच बाकावर बसून तुमच्याकडे पेन मागतात. गावात याला 'रेलिगेशन' म्हणू नये. "विशेष प्रशिक्षणासाठी ठेवून घेतले" असे सांगावे. त्यात धोका एवढाच की, अभिनंदनाचा दुसरा फ्लेक्स लागतो.

पेपर संपले की पुण्याहून झेलम एक्सप्रेस धरावी. जळगावला उतरायचे असले, तरी तिकीट भुसावळचेच काढावे, कारण मनमाडनंतर तुम्हाला जागे करील असा चहावाला अजून जन्माला यायचा आहे, आणि निदान शिल्लक झोपेचे भाडे तरी भरलेले असेल. घरी पोचल्यावर निंबाखालच्या खाटेवर आडवे व्हावे. भरीत आणि कळण्याची भाकरी तयार झाली म्हणून आई हाक मारील; त्या हाकेसरशी दचकून उठून, डोळे पुरते न उघडताच, तुम्ही गोधडीची चौकोनी घडी घालाल, खाटेच्या पायथ्याशी टाचा जुळवून उभे राहाल आणि "येस सर" म्हणाल. आबा सुपारी कातरता कातरता हे सगळे पाहतील आणि आईला सांगतील, "पेपर चांगले गेलेले दिसतात."