खुलासा : ‘ॲरो’ नवव्या भागावर संपलेली नाही

ठाणे-नवी मुंबईच्या सुपरहिरोप्रेमींच्या ग्रुपांवर बर्फाळ कड्याच्या फोटोसकट एक मेसेज फिरतोय : ‘ॲरो’ या अमेरिकन सुपरहिरो मालिकेच्या तिसऱ्या सीझनच्या नवव्या भागात नायक ऑलिव्हर क्वीन मेला, ती भूमिका करणाऱ्या स्टीफन अमेलने मालिका सोडली, पुढचे भाग निघालेच नाहीत. हे खरं नाही.

प्रसंग खरा आहे. खलनायक रास अल घूल ऑलिव्हरच्या अंगात तलवार आरपार घालतो आणि लाथ मारून त्याला कड्यावरून खाली ढकलतो. पाहणाऱ्याला धक्का बसणारच. पण 10 डिसेंबर 2014 ला हा भाग दाखवल्यावर मालिका फक्त नाताळच्या सुट्टीवर गेली. अमेरिकेत असे मोठे सीझन शरद ऋतूपासून मेपर्यंत चालतात, मध्ये थांबतात. आणि थांबण्याआधी प्रेक्षकांचा जीव टांगणीला लावायचा, ही त्यांची जुनी खोड.

दहावा भाग 21 जानेवारी 2015 ला आला. सीझन 23 भागांचा पूर्ण झाला. मालिका आठ सीझन चालून 28 जानेवारी 2020 ला संपली आणि अमेल शेवटच्या भागापर्यंत मुख्य भूमिकेत होता. ज्याला शंका असेल त्याने दहावा भाग लावून बघावा, प्रश्न तिथेच मिटतो. ऑलिव्हर कसा वाचतो ते इथे लिहीत नाही, नव्याने बघणाऱ्यांचा हिरमोड नको.

ऐरोलीच्या एका मुलाने तो मेसेज वाचून मालिका अर्ध्यावर सोडली, म्हणून एवढं लिहिलं. कृपया तो पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल त्यांना वरच्या तारखा कळवा.