खुलासा : नॉमिनी म्हणजे फ्लॅटचा मालक नव्हे

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय : ‘सभासद वारल्यावर फ्लॅट नॉमिनीचाच. बाकीच्या वारसांचा हक्क संपला.’ हे चूक आहे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये कलम १५४ब-१३ आहे. त्यानुसार सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते, तेही कायदेशीर वारस सभासद होईपर्यंत. पत्रव्यवहार करायला आणि मेंटेनन्स वसूल करायला सोसायटीला एक नाव हवं असतं, म्हणून ही सोय. मालकी मृत्युपत्राने ठरते; ते नसेल तर वारसा कायद्याने. हिंदू पुरुष मृत्युपत्राविना वारला तर आई, पत्नी, मुलगे आणि मुली यांना समान वाटा मिळतो. लग्न झालेल्या मुलीलाही, हे मुद्दाम सांगावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत १९८३ मध्ये आणि कंपन्यांच्या शेअर्सबाबत २०२३ मध्ये हेच सांगितलं : नॉमिनेशनने वारसा बदलत नाही.

त्याच मेसेजमध्ये ‘मृत्युपत्र नसेल तर प्रोबेट काढा’ असंही आहे. कशाचं काढणार? मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्ट जे शिक्कामोर्तब करतं, तेच प्रोबेट. मृत्युपत्रच नसेल तर फ्लॅटसाठी दिवाणी न्यायालयातून वारस दाखला घेतात. त्याचा आधार १८२७ चं मुंबई रेग्युलेशन, म्हणजे इंग्रजांच्या काळातला कायदा, अजून चालू!

मृत्युपत्र नोंदवलेलंच हवं, हाही गैरसमज. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच.

कमिटीने नॉमिनीच्या नावावर सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट (सभासदाच्या भागांचा दाखला) केलं असलं, तरी फ्लॅट विकत घेणाऱ्याने सगळ्या वारसांची संमती मागावी.