शांत रस्ता हवाय? मग आधी एसटीचं वेळापत्रक बघा

पुण्यातल्या आम्हा सायकलवाल्यांचं एक कोडंच आहे. रविवारी पहाटे साडेचारला उठायचं, पुढे-मागे दिवे लावायचे, हेल्मेट चढवायचं आणि थेट सातारा हायवेवर जाऊन ट्रकच्या धुरात शिरायचं. खेड शिवापूरपर्यंत कंटेनर अंगाला घासून जातात, सर्व्हिस रोडवर समोरून उलट्या दिशेने दुचाक्या येतात. घरी पोचल्यावर मात्र स्ट्राव्हा या राइड नोंदवायच्या अ‍ॅपवर ‘अमेझिंग राइड’! बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करणाऱ्यांचं मी समजू शकतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत उरकायचे तर सरळ, गुळगुळीत रस्ता लागणारच. पण बाकीच्यांना कसली घाई आहे? हायवे सोडून नसरापूर फाट्याला आत वळलं की भोर आणि वेल्हे (आता राजगड) असे दोन डोंगराळ तालुके पसरलेले आहेत. आणि आपण बसलोय टोलनाक्यापर्यंतचा सरासरी वेग मोजत.

मला बरेच जण विचारतात, असे शांत रस्ते शोधतोस कसे? माझा साधा नियम आहे. नकाशा नंतर, आधी एसटी. ज्या रस्त्याने एसटी जाते, पण दिवसातून दोन-चारदाच जाते, तो रस्ता सायकलचा.

हसू नका, नियम अनुभवाने पक्का झालेला आहे. एसटी जाते म्हणजे रस्ता डांबरी आहे आणि पावसात दरड आली तर ती उचलायला कुणीतरी जेसीबी पाठवतं. घाट असेल तर तो वळणावळणाने चढवलेला असतो, कारण भरलेली बस तिथून वर गेली पाहिजे. एसटी जात नाही त्या वाडीचा सिमेंटचा रस्ता मात्र कधीकधी सरळ कपाळमोक्ष चढाचा निघतो. मागे चौतीस दातांचा गिअर असला तरी उतरून ढकलावं लागतं. एसटी थांबते तिथे निवारा असतो, बहुतेक वेळा चहाची टपरी असते, पाणी मिळतं. आणि फेऱ्या दोन-चारच असतील तर पुढे मोठं गाव नाही, कुठला शॉर्टकट नाही, रिसॉर्ट नाही. मुंबईची गाडी तिकडे वळायला कारणच नसतं. मुक्कामी गाडीचं गाव असेल तर सोन्याहून पिवळं. रात्री शेवटची एसटी जिथे झोपते आणि सकाळी तिथूनच सुटते, त्याच्या पुढे रस्ता बहुधा संपलेला असतो.

आता उदाहरण. सिंहगडाच्या पायथ्याला सगळ्या पुण्याची गर्दी, खडकवासल्याच्या चौपाटीवर कणसं आणि भज्यांच्या गाड्या. पण पानशेत रस्त्याला लागून खानापूरला डावीकडे वळा, रांजणे गाठा आणि पाबे घाट चढायला घ्या. घाट लांबलचक नाही, पण वळणं आवळत जातात आणि शेवटच्या टप्प्यात दम निघतो. खिंडीत पोचलात की समोर तोरणा आणि राजगड, दोघे एकाच वेळी. तोरणा १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला, आणि तरी नजर आधी राजगडाच्या बालेकिल्ल्यावरच जाते. (हा वाद आमच्या ग्रुपमध्ये कायमचा आहे, इथे नको.) मग उतारावर ब्रेक सांभाळत पाबे, पुढे वेल्हे, आणि विंझर, मार्गासनी करत नसरापूर. वेल्ह्याच्या स्टँडजवळ पोटभर खाऊन निघा. पुण्यातून पुण्यात शंभर किलोमीटरच्या वर होतात, आणि त्यातला कंटाळवाणा भाग काय तो परतीचा हायवे. कात्रजचा जुना घाट धरला तर शेवटही तितका वाईट होत नाही.

दुसरा लाडका रस्ता भाटघरच्या जलाशयाच्या कडेचा. भोरहून पसुरे, वेळवंड, पुढे भुतोंड्याकडे. पाणी सोबतीला असतं, पण सपाट रस्ता समजून गेलात तर फसाल. प्रत्येक ओढ्यापाशी खाली उतरायचं आणि पुन्हा वर. ब्रिटिशांच्या काळातलं हे धरण उन्हाळ्यात ओसरतं, आणि वेळवंडजवळचं कांबरेश्वराचं देऊळ पाण्याबाहेर येतं. एरवी ते धरणाच्या पोटात. मे महिन्यातल्या उन्हात सायकल चालवायचं कुणी सुचवणार नाही, मीही नाही, पण त्या देवळासाठी पहाटे निघून ऊन चढायच्या आत परतावं.

भात कापणीच्या दिवसांत या रस्त्यांवर गेलात तर एक गोष्ट लक्षात ठेवा. रस्ता हेच खळं असतं. पेंढा वाळत घातलेला, नाचणीची कणसं पसरलेली, कडेला चार दगड मांडून हद्द आखलेली. त्यावरून सायकल घालू नका. एक तर ते कुणाच्या तरी वर्षाचं धान्य आहे; दुसरं म्हणजे पेंढ्याची काडी मागच्या डिरेलरच्या (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या) छोट्या चाकात अशी गुंडाळते की चेन उड्या मारायला लागते. मग बसा रस्त्याच्या कडेला, ग्रीस लागलेल्या बोटांनी एकेक काडी उपसत. शेतातल्या बाया कौतुकाने बघतात, तो भाग वेगळा.

वेळवंड खोऱ्यात असाच एका थांब्यावर सायकल टेकवून पाणी पीत होतो. शेजारी पिशव्या घेऊन बसलेल्या आजी बराच वेळ न्याहाळत होत्या. शेवटी म्हणाल्या, “एवढ्या लांबनं सायकलीवर? गाडी चुकली व्हय?” काय सांगणार? हो म्हणालो. “मग बस की हितं सावलीला. साडेतीनला हाय पुढची.” साडेतीनची गाडी त्या दिवशी आली का ते मला ठाऊक नाही, मी निघालो. पण त्या आजींचा सगळा दिवस त्या एका फेरीवर बेतलेला होता, हे मात्र डोक्यात राहिलं.

आणि खरं बोलायचंय ते इथेच. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना त्याच्या आधीपासून प्रवास फुकट आहे. उत्तम झालं. पण गाडीच आली नाही तर अर्धं तिकीट कशाचं काढायचं? फेरी बंद झाली की गावात पहिल्यांदा काय येतं? कर्ज काढून घेतलेली दुचाकी, आणि तिच्या मागोमाग वडाप, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या खासगी जीपा. २०२१-२२ च्या लांबलेल्या संपात हे चित्र उघड्या डोळ्यांनी दिसलं. जिथे चार तासांत एक लाल गाडी भेटायची तिथे वळणावळणावर मागे पोरं लटकलेल्या जीपा. चाळीस माणसं एका गाडीतून गेली तर रस्ता शांत राहतो. तीच चाळीस माणसं वेगवेगळी निघाली तर मला आणि त्यांना, दोघांनाही धोका.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. चार टप्पे, ४३७ किलोमीटर, देशोदेशींचे सायकलपटू आपल्याच घाटांतून गेले. मला अभिमान वाटला, खोटं का बोलू. शर्यतीच्या निमित्ताने जिल्ह्यातले कित्येक रस्ते गुळगुळीत झाले. पण आमच्यातले काही जण आता प्रत्येक खोऱ्यात तसाच रुंद रस्ता मागतायत, तिथे मी नाही म्हणतो. रस्त्याचं कार्पेट थंड व्हायच्या आत एनए प्लॉटची पाटी उभी राहते, पाठोपाठ फार्महाऊस, आणि शनिवारी संध्याकाळी डिक्कीतल्या स्पीकरसकट गाड्या. मला विचाराल तर खड्डे बुजवा, साईडपट्टी मुरूम टाकून नीट भरा, मोऱ्या दुरुस्त करा. बास.

यावर विंझरकडच्या एका मित्राने मला चांगलंच झापलं. “तुला रविवारी झाडं बघायला अरुंद रस्ता पाहिजे, आणि आमची बाळंतीण अँब्युलन्समध्ये आपटत जाऊ दे होय?” त्याचं चूक नाही. माझ्या शांततेसाठी कुणाच्या घरी डॉक्टर उशिरा पोचावा असं मी म्हणूच शकत नाही. रस्ता कसा असावा हे ठरवायचा पहिला हक्क तिथे बारा महिने राहणाऱ्यांचा. पण एसटीच्या फेऱ्या वाढवा, या मागणीवर तो आणि मी दोघेही एका मिनिटात एकमत झालो. सायकलचे क्लब दरवर्षी सायकल ट्रॅकसाठी निवेदनं देतात. एखादं निवेदन बंद पडलेल्या फेऱ्यांसाठीही देऊन बघावं, भोर आगार काही लांब नाही.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगतो. वरंध घाट बहुतेक पावसाळ्यात दरडींमुळे बंद ठेवतात. बंद म्हणजे सायकललाही बंद. बॅरिकेडच्या फटीतून घुसण्यात मर्दुमकी नाही. भोरहून नीरा देवघरच्या कडेने हिर्डोशीपर्यंत जाऊन मागे फिरलात तरी दिवस सार्थकी लागतो. जमलं तर मधल्या वारी जा. कुत्री मागे लागली तर पायडल जोरात मारण्यापेक्षा उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत पुढे व्हा. शाळा सुटायच्या वेळी गावातून हळू जा, पोरं टाळी द्यायला रस्त्यात येतात. आणि दोन ट्यूब बरोबर ठेवा, तिकडे पंक्चरवाल्याकडे आपल्या मापाची मिळत नाही.

उत्तरेकडे घोडेगावहून डिंभे धरणाच्या कडेने आहुप्याला जाणारा रस्ता मला असाच वाटतो. जुन्नर, अकोले, पाटण, राधानगरी बाजूच्या मंडळींनी आपापल्या मुक्कामी गाडीच्या गावांची नावं इथे लिहावीत, सोबत पहिल्या गाडीची वेळही. धबधब्यांची नावं मात्र कृपा करून लिहू नका.