आमदारसाहेबांच्या दिवाळी कार्डातला ‘एक्सपायर’ सिलिंडर

२०२५ च्या दिवाळीत आमच्या आमदारांचं शुभेच्छा कार्ड आलं, व्हॉट्सअॅपवर अर्थात, छापील कार्ड आता कोण पाठवतंय. वर साहेबांचा हात जोडलेला फोटो, कोपऱ्यात आकाशकंदील आणि खाली ‘जनहितार्थ’ म्हणून गॅस सिलिंडरबद्दल तीन सूचना. एक, सिलिंडरवर एक्सपायरी डेट असते, ती उलटली की सिलिंडर म्हणजे बॉम्ब. दोन, प्रत्येक ग्राहकाचा ५० लाखांचा विमा असतो जो एजन्सीवाले लपवतात. तीन, गॅसचा वास आला की लगेच एक्झॉस्ट फॅन लावा. हा मेसेज जुनाच आहे, कित्येक वर्षं फिरतोय, यावेळी फक्त त्याला साहेबांचा फोटो चिकटला आणि मग काय, सोसायटी ग्रुप, भिशी ग्रुप, भावकीचा ग्रुप, सगळीकडे तेच.

आता एक्सपायरीचं बघू. सिलिंडरच्या वरच्या कड्याला धरून ज्या तीन उभ्या पट्ट्या असतात ना, त्यातल्या एकीवर आतल्या बाजूने अक्षर आणि आकडा असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढे वर्ष. ही सिलिंडर मरायची तारीख नाही, त्याची पुढची टेस्ट कधी करायची ती तारीख आहे. टेस्टमध्ये पाण्याचा दाब देऊन टाकी तपासतात, पास झाली की नवीन तारीख पडते आणि तीच टाकी परत फिरायला लागते. म्हणजे गाडीच्या पीयूसीसारखं समजा, पीयूसी संपलं म्हणून गाडी पेट घेत नाही. पण म्हणून साफ दुर्लक्ष करा असंही नाही हं. तारीख उलटलेली टाकी टेस्ट न करता परत भरायची नसते, त्यामुळे डिलिव्हरीवाला तसली घेऊन आला तर दारातच नको म्हणा आणि बदलून मागा.

आमच्या शेजारच्या काकूंनी कार्ड वाचलं आणि रात्री दहाला बेल वाजवली, ‘अरे माझ्या जोडसिलिंडरवर सी-२५ आहे, सप्टेंबर तर गेला, गच्चीत नेऊन ठेवू का?’ निम्मा फराळ व्हायचा होता, चकलीचं पीठ भिजवलेलं तसंच. टाकी ऑगस्टमध्येच आलेली, म्हणजे भरली तेव्हा तारखेच्या आतच होती. त्यांना म्हटलं काकू, बिनधास्त लावा.

पण टॉर्च हातात होताच म्हणून शेगडीमागचा नारंगी पाइप बघितला. त्यावर छापलेलं वर्ष, २०१८! हा पाइप ५ वर्षांत बदलायचा असतो. मुदत शोधायचीच तर ती या पाइपवर शोधा, आणि टाकी लावण्याआधी व्हॉल्व्हमधली रबरी रिंग जागेवर आहे का तेही. ज्याची भीती बाळगायची त्याचा कार्डात उल्लेखसुद्धा नाही.

५० लाखांचा विमा. विमा आहे हे खरं, तेल कंपन्यांनी काढलेला, आपल्याला हप्ता भरावा लागत नाही. पण आकडे वेगळे. गॅसमुळे अपघात होऊन माणूस दगावला तर माणशी ६ लाख. उपचाराला माणशी जास्तीत जास्त २ लाख आणि एका अपघातात सगळ्यांचे मिळून ३० लाखांपर्यंत. घराचं नुकसान २ लाखांपर्यंत, तेही कनेक्शन ज्या पत्त्यावर नोंदलंय तिथलंच. घर बदललं आणि पत्ता जुनाच ठेवला की तिथे अडकलात. म्हणजे जे मिळू शकतं ते मिळवायला पत्ता बदला, आणि अपघात झालाच तर एजन्सीला ताबडतोब लेखी कळवा, हे सांगायला हवं होतं.

आणि एक्झॉस्ट फॅन? ही सूचना सरळसरळ जिवावरची आहे. स्विच दाबताना ठिणगी उडते. आपल्या स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली फरशीवर पसरतो. म्हणून कुठलंच बटण चालू नाही आणि बंदही नाही, रेग्युलेटर बंद करा, खिडक्या-दारं उघडा, सगळे बाहेर पडा आणि बाहेरून १९०६ ला फोन लावा.

साहेबांबद्दल वैर नाही, कार्ड बनवणारा कोणीतरी पोरगा असेल ज्याने फॉरवर्ड उचलला आणि फोटोखाली चिकटवला. पण सिलिंडरच्या सुरक्षेचं बघणारी पेसो ही केंद्राची संस्था, तिचं मुख्यालय आहे नागपूरला. हिवाळी अधिवेशनाला साहेब डिसेंबरात जातात ते नागपूरच ना, मग एक चक्कर तिकडेही मारायची!

काकूंनी दुसऱ्या दिवशी पाइप बदलला. मेसेज मात्र अजून डिलीट केलेला नाही, म्हणतात साहेबांचा फोटो आहे, कसा काढू.